टायरोसिन, यकृत आणि मुलाची प्रोटीन पावडर

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या 6 महिन्यांच्या मुलाला टायरोसिनेमिया, प्रकार 1, असल्याचे निदान झाले आहे. अमिनो आम्ल साठल्यामुळे त्याचे यकृत बिघडले, असे आम्हांला समजले. माझा 19 वर्षांचा मुलगा व्यायामशाळेत जातो आणि रोज प्रोटीन पावडर घेतो. त्याच्याही यकृताला धोका आहे का?
– एक वाचक भगिनी, साखळी

उत्तर : तुमची काळजी स्वाभाविक आहे, परंतु या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत. हुमणातला मासा, डाळ, दूध अशा प्रत्येक प्रथिनयुक्त पदार्थातून टायरोसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, मिळते आणि यकृत त्याचे टप्प्याटप्प्याने विघटन करते. तुमच्या भाच्याच्या शरीरात यातील शेवटच्या टप्प्याचे विकर (एन्झाइम) जन्मतःच काम करीत नाही. त्यामुळे त्याच्या अलीकडचे अर्धवट विघटित पदार्थ पेशींतच अडकतात आणि यकृताला, तसेच मूत्रपिंडांना, इजा करतात. पोट फुगणे, वजन न वाढणे, रक्त नीट न गोठणे ही लक्षणे त्यातूनच येतात. उपचार न झाल्यास पुढे यकृताच्या कर्करोगाचाही धोका असतो.

म्हणजे खरे विष टायरोसिन नव्हे. 1990 च्या दशकापासून वापरात आलेले निटिसिनोन हे औषध विघटनाचा आधीचाच एक टप्पा थांबवते, तेव्हा रक्तातील टायरोसिन उलट वाढते आणि तरीही यकृत वाचते. वाढलेले टायरोसिन मात्र डोळ्यांच्या पारदर्शक पटलात साचू शकते, म्हणून औषधाबरोबर मोजून दिलेले दूध, टायरोसिन व ते ज्यापासून शरीरात बनते ते फिनाइलॲलॅनिन वगळलेले खास दूधपीठ आणि नियमित रक्त व नेत्रतपासणी आवश्यक असते.

विकराचा हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो. तुमच्या मुलाकडे तो असलाच, तर तो केवळ वाहक असेल, आणि वाहकाचे यकृत निरोगी असते. बहिणीच्या पुढच्या प्रत्येक गर्भारपणात मात्र आजाराची शक्यता 25 टक्के राहील. त्यासाठी जनुकीय सल्ला आधीच घ्यावा.

निरोगी यकृत जादा अमिनो आम्लांतील नायट्रोजनापासून युरिया बनवते, तो लघवीवाटे जातो, आणि उरलेला भाग ऊर्जेसाठी वापरला जातो किंवा चरबीच्या रूपाने साठतो. सामान्य प्रौढाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात. व्यायाम करणाऱ्यांची गरज काहीशी जास्त असली, तरी ती मासे, अंडी, कडधान्ये यांतून सहज भागते, म्हणून डबा विकत घेण्याची गरज मला तरी दिसत नाही. माझी खरी हरकत भेसळीला आहे, कारण काही पूरकांत लेबलवर न छापलेली स्टेरॉइड्स सापडली आहेत आणि ती यकृताला निश्चितच घातक ठरू शकतात. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा सतत मळमळ असे काही जाणवल्यास पावडर त्वरित बंद करून, डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

बहिणीला एवढे आवर्जून सांगा, की बाळ कितीही टवटवीत दिसू लागले, तरी डॉक्टरांना न विचारता निटिसिनोन एक दिवसही थांबवू नये.