‘शुक्रवारपर्यंत’ : बाय की अंटिल?

प्रश्न : ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ माझ्याकडून हमखास चुकतात. स्पेलचेक गप्प बसतो आणि शब्दकोशात दोन्हींपुढे ‘परिणाम’च दिसतो.

उत्तर : स्पेलचेक बोलणार कसा? दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असतात, चुकलेली असते ती जागा. मुद्रितं तपासताना मी या जोडीच्या अर्थाकडे बघतच नाही, आधीचे शब्द बघते. मागे ‘द’ किंवा ‘अ‍ॅन’ असेल (मध्ये एखादं विशेषण घुसलेलं का असेना), तर ई-वाला ‘इफेक्ट’. ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड नॉट’ असेल, तर ए-वाला ‘अफेक्ट’. ‘द रेन विल अफेक्ट द मॅच’, पण ‘द इफेक्ट ऑफ द रेन’. अपवाद आहेत. ‘इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणं, आणि मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ हे नामही आहे. पण ते नंतर. अपवाद आधी पाठ करणारे साध्या वाक्यातही अडखळतात.

प्रश्न : साहेबांना ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं लिहिलं, तर सहकारी हसले. ‘शुक्रवारपर्यंत’ला दुसरं काय म्हणणार?

उत्तर : हसणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःही तेच लिहीत असतील! दोष आपल्या ‘पर्यंत’चा आहे. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’ ही दोन वेगळी कामं आपण एकाच शब्दाकडून करून घेतो. पाठवणं एकदाच होतं, शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत. तिथे ‘बाय’. थांबणं तोवर चालूच राहतं, म्हणून तिथे ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. तुमच्या वाक्यातून साहेबांना असं वाटेल, की शुक्रवार उजाडेस्तोवर तुम्ही तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवत राहणार.

शंका आली की मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवतो’ : अर्थ तोच राहिला, म्हणजे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी थांबतो’ : अर्थ बदलला, म्हणजे ‘अंटिल’. नकार आला की मात्र जपून. ‘शुक्रवारपर्यंत पाठवू नका’ला ‘डोन्ट सेंड इट अंटिल फ्रायडे’ हेच बरोबर, कारण न पाठवणं तोवर चालू राहतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या मजकुरातही मला ही चूक सापडते. स्पेलिंगच्या चुकीपेक्षा ती मला जास्त गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे मुदतीचाच घोळ होतो.

प्रश्न : ‘लूज’मध्ये ‘ओ’ एक की दोन?

उत्तर : आधी उच्चार वेगळे करा. हरवणं किंवा हरणं या अर्थाचा एका ‘ओ’चा शब्द ‘लूझ’, आणि सैल या अर्थाचा दोन ‘ओं’चा ‘लूस’. ‘लूज मोशन’ने आपले कान बिघडवून ठेवलेत.

प्रश्न : ‘स्टेशनरी’ ए-आर-वाय की ई-आर-वाय?

उत्तर : कागद-पेनांची ई-वाली, एका जागी स्थिर असलेली ए-वाली. ‘पेपर’च्या शेवटी ई-आर आहे, हे ध्यानात ठेवलं की भागतं. गंमत म्हणजे दोन्ही एकाच घरातल्या. फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, ठरलेल्या जागी बसून पुस्तकं विकणारा तो मध्ययुगीन ‘स्टेशनर’, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला १५५७ मध्ये राजसनद मिळाली, इतका हा धंदा जुना.

प्रश्न : ‘प्रॅक्टिस’मध्ये सी की एस?

उत्तर : ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हींना सी. ‘लायसन्स’चं ब्रिटिश गणित हेच, अमेरिकेत मात्र दोन्हींना एस. कोणती पद्धत पाळायची ते संपादकांना विचारा आणि एका मजकुरात दोन्ही मिसळू नका.