‘कोरडा’ विनोद, ‘पांचट’ विनोद

प्रश्न असा आला आहे: “स्टँड-अपमध्ये मला ड्राय ह्यूमर आवडतो, हे मैत्रिणीला सांगताना मी ‘कोरडा विनोद’ म्हणाले. तिला वाटलं, मी त्या कलाकाराला नावं ठेवतेय. मग बरोबर शब्द कोणता? तिला आवडणाऱ्या विनोदांना मी ‘पाचट’ म्हणते आणि माझी आई ‘पाचकळ’ म्हणते. दोन्ही एकच का? आणि स्टँड-अपला एकपात्री म्हटलं तर चालेल का?”

तुमच्या मैत्रिणीचा कान अगदी बरोबर आहे. मराठीत चटणी कोरडी असली तर काही बिघडत नाही, पण बोलणं कोरडं झालं की त्यात काहीतरी कमी पडलेलं असतं. कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश, ‘कोरडंच हसला’, आणि म्हणीतले ते कोरडे पाषाण. प्रत्येक ठिकाणी ओलावा नाही ही तक्रार आहे. घाटावरच्या गावांत भाकरीबरोबरच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो. भाकरी कोरडी, तिला जोडीला काहीतरी हवं, हे त्या एका शब्दात येतं. तेव्हा ‘कोरडा विनोद’ ऐकल्यावर मराठी माणूस मनात ‘अरेरे’ म्हणणारच. इंग्रजी ‘ड्राय’ला ही उणीव चिकटलेली नाही. ड्राय वाइन म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन, आणि ती तशीच हवी म्हणून लोक मागून घेतात.

मग मराठीत विनोदासाठी काय आहे? भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरातून आलेलं आहे. खुसखुशीत, खमंग, चुरचुरीत, झणझणीत, चटकदार, फिका, शिळा, आंबट, पांचट. हे शब्द आपण सैलपणे वापरतो, पण पदार्थ डोळ्यांसमोर आणला की त्यांच्यातला फरक लगेच कळतो. करंजी खुसखुशीत होते ती पिठात घातलेल्या कडकडीत मोहनामुळे. मोहन दिसत नाही, पण ते कमी पडलं तर पारी कडक होते आणि जास्त झालं तर करंजी तळताना फुटते. खुसखुशीत लेखनही असंच असतं, दातांना जोर न लावता तुटणारं, आणि मेहनत आत मुरलेली. खमंगपणा भाजण्यातून येतो आणि तो आधी नाकाला कळतो. म्हणूनच शेजारच्या घरातली बातमी ‘खमंग’ असते. खोबरं जुनं झालं की खवट लागतं आणि स्वभावालाही आपण खवट म्हणतो. आंबट विनोदाबद्दल सांगायला नको, त्याचे शौकीन सगळ्यांना माहीत आहेत.

हे सगळे शब्द विनोदाचे आहेत, म्हणजे ताटातल्या पदार्थाचे. तुम्ही ज्याला ड्राय म्हणता तो गुण मात्र बहुतेक वेळा वाढणाऱ्याचा असतो. सांगणारा स्वतः हसत नाही, आवाज चढवत नाही, ‘आता हसा’ असं सुचवत नाही. म्हणून मराठी इथे विनोदाला विशेषण लावत नाही, सांगण्याची तऱ्हा सांगते: मख्ख चेहऱ्यानं केलेला विनोद, चेहऱ्यावरची रेषही न हलवता मारलेला टोला. इंग्रजीतल्या ‘डेडपॅन’मध्येही हेच आहे. त्यातला ‘पॅन’ म्हणजे अमेरिकी बोलीत चेहरा. मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन त्या न हलणाऱ्या चेहऱ्यासाठीच ओळखला जायचा. नुसतं ‘मख्ख विनोद’ म्हणू नका, कारण मख्ख म्हणजे ढिम्म, आणि मग विनोदच ढिम्म आहे असा अर्थ होईल. ‘चेहऱ्यानं’ हा शब्द हवाच.

मलाही हीच तऱ्हा सगळ्यात जवळची आहे आणि ती मी मामाकडून ऐकत वाढले. आजोळी एकदा संध्याकाळपासून वीज गेली होती. जेवणं कंदिलाच्या उजेडात झाली, आम्ही पोरं अंधारात चाचपडत अंथरुणाकडे निघालो. मामा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, “झोपताना दिवे मालवा रे, बिल फार येतं.” आम्ही दोन-तीन पावलं पुढे गेलो आणि मग थांबलो. त्या दोन-तीन पावलांत जे होतं ते मला कुठल्याही मोठ्या हशात सापडत नाही. याला कोरडं कसं म्हणायचं? उलट मामाच्या त्या वाक्यात माया होती.

‘तिरकस’ हा शब्दही या जागी सुचवला जातो, पण तिरकस बोलण्याला एक लक्ष्य असतं, कुणाला तरी ते लागायचं असतं. मामाच्या वाक्याचा नेम कुणावरच नव्हता.

आता पांचट आणि पाचकळ. आधी लिहिण्याची गोष्ट, कारण माझ्या मते ती महत्त्वाची आहे. तुम्ही ‘पाचट’ लिहिलं आहे. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, तोडणीनंतर शेतात पडतात ती. विनोदाचा शब्द पांचट, डोक्यावर अनुस्वार देऊन. मूळ रूप पाणचट, आणि तो अनुस्वार म्हणजे त्यातल्या ‘ण’ची उरलेली खूण. पाण्यासारखी चव असलेलं ते पाणचट. खारट, तुरट, कडवट, तेलकट यांच्याच पंक्तीत बसणारा हा शब्द आहे. ताकात पाणी जास्त झालं की ते पाणचट, आणि विनोदात ऐवज कमी पडला की तो पांचट.

पाचकळ वेगळा आहे. त्याची एक सोपी परीक्षा अशी: ‘पाणचट ताक’ म्हणता येतं, ‘पाचकळ ताक’ म्हणता येत नाही. पाचकळ हे तोंडाचं, वागण्याचं विशेषण आहे. जिथे बोलू नये तिथे बोलणं, सभ्यतेची कड सोडणं म्हणजे पाचकळपणा. पांचट विनोदात दोष विनोदाचा असतो, पाचकळ विनोदात सांगणाऱ्याचा. हल्ली दोन्ही एकाच अर्थानं वापरतात, हे मला खटकतं, कारण त्यामुळे निरुपद्रवी पीजे सांगणाऱ्या मुलाला आपण नकळत असभ्य ठरवतो. तुमची मैत्रीण शब्दांवरच्या साध्यासुध्या कोट्यांना हसत असेल तर तुमचा शब्द बरोबर, फक्त अनुस्वार द्या. शिव्या आणि आंबट शेरे ऐकायला जात असेल तर आईचा शब्द बरोबर.

शेवटचा प्रश्न एकपात्रीचा. हा शब्द मी स्टँड-अपसाठी सरसकट वापरणार नाही. एकपात्रीत बहुधा एक नट आणि अनेक पात्रं असतात. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५०हून अधिक पात्रं एकट्यानं उभी करत. स्टँड-अपमधला माणूस मुख्यतः स्वतः म्हणून बोलतो, स्वतःच्या आवडीनिवडी आणि स्वतःच्या चिडी घेऊन. शिरीष कणेकर ‘माझी फिल्लमबाजी’ हा कार्यक्रम करत, तो या अर्थानं स्टँड-अपच्या फार जवळचा होता, तरी त्यालाही आपण एकपात्रीच म्हणत आलो. तेव्हा शब्द चुकीचा ठरणार नाही, पण ऐकणाऱ्याला नाटक अपेक्षित राहील. मी तरी ‘स्टँड-अप’च म्हणते, आणि मैत्रिणीला सांगायचं वाक्य असं करते: “मला मख्ख चेहऱ्यानं सांगणारे स्टँड-अपवाले आवडतात.”