‘डोक्याले करंट देतेत का?’

आर्णी तालुक्यातलं शेतकरी घर. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पोरगा दीड वर्षाचा, तोंडातून अजून ‘आई’ही नाही. डॉक्टरांनी बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी तपासणी, सांगितली होती आणि आजी अडून बसल्या होत्या. “मॅडम, डोक्याले वायरा लावून करंट देतेत म्हने. अन् पोराले आयकू येते न! थायी वाजोली का मांगं वयून पायते. याचा बाप बी तीन वर्साचा झाल्यावर बोलला.”

करंटची भीती बहुतेक घरांत असते, म्हणून आधी तेच बोलले. वीज मेंदूच तयार करतो, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी इतकी बारीक. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानं १९२४ मध्ये ती माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा नोंदवली. कपाळावर आणि कानांमागे लावलेल्या चकत्या ती फक्त टिपतात, आत काही सोडत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या कानात टकटक वाजवतात. पुढच्या दहा मिलिसेकंदांत नस आणि मेंदूचा खालचा भाग उत्तर देतात. ते इतकं क्षीण असतं की हजारेक टकटकींची सरासरी काढल्यावरच उमटतं. वेळ लागतो तो त्यामुळे.

थाळीचं मात्र नुसतं सांगून पटलं नसतं. थाळी दणक्यात वाजते, वाजवणारा हातही दिसतो. मी बाळाला आईच्या मांडीवर बसवलं आणि आजींना मागून, पदराआड तोंड धरून, हळू आवाजात ‘मऽऽ’ म्हणायला लावलं. पोरगा वळला. ‘सऽऽ’ला नाही. पुन्हा ‘सऽऽ’, तरी नाही. यावरून निदान होत नाही, पण आजी गप्प झाल्या. बोलण्यातले स, फ, त असे बारीक आवाज निसटले तर मूल आवाजाला वळतं, शब्द मात्र त्याच्या हाती लागत नाहीत. आणि वाट पाहणं महागात पडतं, कारण घरच्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला मेंदू पहिल्या वर्षातच शिकू लागतो. बापाचं उदाहरण इथे कामाचं नाही.

शेवटची हरकत भलतीच निघाली: तपासणीच्या दिवशी टाळूला तेल लावायचं नाही, याला! तेलकट कातडीवर चकत्या नीट बसत नाहीत, एवढंच कारण.

दोन्ही कानांत मध्यम दोष निघाला, श्रवणयंत्रं बसली. यंत्रं लावून बाळ जागं असताना म, ग, त ऐकवून मेंदूचं उत्तर पाहायची तपासणीही काही मोठ्या केंद्रांत होते, तीही सुचवली आहे. आजींचा आताचा प्रश्न, आंघोळीच्या वेळी यंत्र काढायचं का? काढायचंच, पाण्यानं ते बिघडतं.