शाळेचा इतिहास पटावरून लिही

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेतला इतिहासाचा लेख तुझ्याकडे आला म्हणतेस. नव्या शिक्षिकेच्या गळ्यात असली कामं पडायचीच. पण हे काम मनावर घेण्याजोगं आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. ‘अमुक साली अमुक यांच्या शुभहस्ते’ इथून करू नकोस. तसं पहिलं वाक्य पडलं की पुढची पानं आजी-माजी सरपंचांचे फोटो आणि शुभेच्छांच्या जाहिराती खाऊन टाकतात, आणि त्या शाळेत शिकलं कोण हे राहूनच जातं.

लेखात जिल्ह्यातल्या शाळांचाही आढावा घ्यायचा आहे ना? मग एक फसगत टाळ. जिल्हा परिषद १ मे १९६२ ला आली, त्याआधी ‘लोकल बोर्डाची शाळा’ (लोकल बोर्ड म्हणजे ब्रिटिश काळातली स्थानिक कारभाराची संस्था), असं सरसकट लिहायची पद्धत आहे. ब्रिटिश मुलखातल्या जिल्ह्यांना ते लागू पडतं. तिथं शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा घेत आणि त्यातला वाटा शाळांना जाई. रयतेनं भरायचं आणि शिकायचं मात्र वरच्या जातींच्या मुलांनी, ही जोतीराव फुल्यांची तक्रार १८८२ च्या हंटर कमिशनपुढची, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढची. आपल्याकडे १ मार्च १९४९ ला विलीनीकरण होईपर्यंत कोल्हापूर संस्थान होतं. शाळा दरबारची, मास्तर दरबारचा. त्यात पुन्हा कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड या जहागिरी. आणि चंदगड तालुका तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे आज एकाच शिक्षणाधिकाऱ्याच्या हाताखालच्या दोन शाळा वेगवेगळ्या सरकारांत जन्मलेल्या असू शकतात. प्रत्येक गावाबद्दल आधी एवढंच विचार, की शाळा निघाली तेव्हा हे गाव कुणाच्या अमलाखाली होतं. कागद कुठल्या दप्तरात शोधायचे ते त्यावरून ठरतं.

आता शाहू महाराज. १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९१८ पासून त्याचा अंमल, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. हे आपल्या जिल्ह्यात भाषणं करणाऱ्या चौथीच्या पोरालाही पाठ असतं. तू ते लिहिशीलच. पण दरबारातून हुकूम सुटला म्हणून गावात अंमल झाला, असं धरून चालू नकोस. अस्पृश्यांच्या मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्या, असा हुकूम १९१९ चा आहे. तुझ्या शाळेनं तो कधी पाळला? ते गॅझेटात मिळायचं नाही. ते जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलं दाखल झाल्या-गेल्याच्या नोंदवहीत आहे.

रजिस्टर उघडलंस की नावं वाचत बसू नकोस, रकाने वाच. जातीच्या रकान्यात महार, मांग, चांभार पहिल्यांदा कुठल्या साली दिसतात? पहिली मुलगी कधी दाखल झाली? मग उजवीकडे सरक. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. माझ्या मते अख्ख्या रजिस्टरात हे दोन रकाने सर्वांत बोलके. दाखल झालेलं पोर किती वर्षं टिकलं, कुठल्या इयत्तेतून गेलं, सुगीच्या महिन्यांत गेलं का, ‘सतत गैरहजर’ हा शेरा कुणाच्या नावापुढे जास्त पडला, हे दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी मोजून काढ. आणि शाळा तेव्हा भरत कुठं होती, हे म्हाताऱ्या माणसांना नक्की विचार. कित्येक गावांत ती देवळातच भरे. हुकूम काहीही म्हणो, त्या देवळाचा उंबरा कुठल्या पोराला ओलांडू देत, आणि कुठलं पोर बाहेर ओट्याखाली बसून पाटी गिरवी? हा प्रश्न विचारायला जरा अवघड वाटेल. तरी विचार. रागावलं कुणी तर माझं नाव सांग.

मुलींचं बघताना ‘कुमार विद्या मंदिर’ आणि ‘कन्या विद्या मंदिर’ यांचे पट शेजारी ठेव. कन्या शाळा वेगळी निघाल्यावर मुलींचा पट वाढला की नुसती त्यांची जागा बदलली, ते लगेच कळेल. १९६२ नंतरचा भाग थोडक्यात आटप. खोल्या किती बांधल्या याची यादी कुणी वाचत नाही. त्यापेक्षा शेरेबुक चाळ. तपासणीला आलेले साहेब दोन ओळींत जे लिहून जात, त्यात त्या दिवशीची हजेरी असते आणि मास्तर एकटा किती वर्ग सांभाळत होता तेही.

एक ताकीद. ही रजिस्टरं म्हणजे जुना कागद नव्हे. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. कुणाच्या तरी नातीचं ॲडमिशन त्यातल्या एका ओळीवर उभं असतं. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी शिंदे समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते तू पाहिलंच असशील. तेव्हा पेन लावायचं नाही, फाटलं असेल तरी चिकटपट्टी लावायची नाही, मुख्याध्यापकांच्या समोर बसून बघायचं. आणि स्मरणिकेत आकडे छाप, माणसाच्या नावापुढे जात छापू नकोस. कमिटी ‘गावातल्या पहिल्या दहा विद्यार्थ्यांची यादी टाका’ म्हणेल, तेव्हा खुशाल टाक, पण नुसती नावं.

मोडीतली पानं अडली तर आणून दाखव, माझे डोळे अजून चालतात. दरबारच्या काळासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करून ठेव. करवीर सरकारच्या गॅझेटात शाळाखात्याचे हुकूम सापडतील.

आणि रंगकाम दिवाळीच्या सुट्टीत आहे म्हणतेस. त्याआधी माळ्यावरच्या पेट्या उतरवून घे आणि शेरेबुकं आपल्या कपाटात कुलपात ठेव. रंगाच्या आधी कमिटी साफसफाई करते, आणि रद्दीवाला कमिटीतल्याच कुणाच्या तरी ओळखीचा असतो.

तुझे,
गुरुजी