नांदूर मध्यमेश्वर हे धरण आहे की पक्षी अभयारण्य?

तुम्ही विचारलंय, पावसाळ्यात जायकवाडीच्या बातम्यांत ज्याचा विसर्ग सांगतात ते नांदूर मध्यमेश्वर हेच का, आणि मुलांना तिथे न्यावं का. हो, हेच ते. आणि मुलांना जरूर न्या. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, १९०७ मध्ये, या बंधाऱ्याचं काम सुरू झालं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात नव्हता. नदीचं पाणी अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यात सोडायचं, एवढाच हेतू. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस याच पाण्यावर वाढला. पण दर पुराबरोबर गाळ येत गेला आणि साठवण घटली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यात, म्हणजे फुगवट्यात, मात्र गाळाची बेटं वर आली, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. थापट्या, तलवार बदक यांना पाण्यात डोकं घालून चरायला असंच पाणी लागतं, खोल जलाशय त्यांच्या कामाचा नाही. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

नाशिकहून साधारण ४० किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या आणि उजाडताना चापडगावच्या मनोऱ्यावर असा. निफाडची थंडी तुम्हाला ऐकून माहीत असेलच, मुलांना कानटोपी घालाच. धुकं विरळ होताना आधी वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा काळा थवा दिसतो, मग चक्रवाकांची जोडी ओरडत जाते. जांभळी पाणकोंबडी मुलांना लगेच सापडते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरला की सगळी बदकं एकदम उठतात, तेव्हा मुलांना गप्प राहा म्हणून सांगावं लागत नाही. दुर्बीण हवीच.

निघण्याआधी गावात कुणाला तरी आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीचं, विचारा. पाण्याची पातळी बदलली की पक्षी जागा बदलतात, आणि कालच्या ठिकाणी आज काहीच नसतं.

बोटिंगच हवं असेल तर गंगापूर धरणावर जा. इथे काठावर स्पीकर लावून डबे उघडणारी मंडळी पाहिली की जीव तुटतो. नाशिकचं सांडपाणी आणि जलपर्णी यांनी आधीच पाण्याची दशा केली आहे. तुमचा कचरा तेवढा परत घेऊन या.