चाकणमधली नोकरी सोडून जर्मनीच्या ‘अपॉर्च्युनिटी कार्ड’वर जावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २९, पुणे विद्यापीठाची मेकॅनिकलची बीई, चाकणला डिझाइनमध्ये पाच वर्षं, मार्चमध्ये लग्न. एजंट साडेतीन लाखांत अपॉर्च्युनिटी कार्ड ‘करून देतो’ म्हणतोय, तर राजीनामा देऊन निघावं का? की कॅनडा, की मास्टर्स?

राजीनामा देऊ नका. आणि साडेतीन लाख तर मुळीच देऊ नका.

मी मूळचा नाशिकचा, पुण्यात सात वर्षं नोकरी करून २०१९ मध्ये इकडे जर्मनीत आलो. स्टुटगार्टजवळ राहतो. येण्याआधी मीही एका एजंटला ऐंशी हजार दिले होते. त्याने माझ्या नावाने कंपन्यांना जे पत्र पाठवलं, त्यात खाली सही माझी आणि मजकुरात अनुभव तिसऱ्याच कुणाचा होता. मला नोकरी मिळाली ती नंतर, स्वतः अर्ज करून. तेव्हा एजंट म्हटलं की माझं डोकं जरा तापतं, हे आधीच सांगतो.

आता ते कार्ड. जर्मनीत त्याला ‘चान्सेनकार्टे’ म्हणतात, १ जून २०२४ पासून सुरू झालं. नाव कार्ड असलं तरी ती नोकरी नाही आणि नोकरीचा व्हिसाही नाही. एक वर्ष जर्मनीत राहून नोकरी शोधायची मुभा, एवढंच. त्या काळात आठवड्याला २० तास पार्टटाइम काम करता येतं. स्वतःचा खर्च झेपेल हे आधी दाखवावं लागतं. २०२५ चा आकडा महिन्याला १,०९१ युरो होता, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, रुपयांत तेरा लाखांच्या वर. बहुतेक जण हे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवतात. पैसे तुमचेच, पण दरमहा ठरलेला हप्ताच हातात येतो.

या कार्डासाठी लागणारे ‘सहा गुण बसवून देतो’ असं एजंटने तुम्हाला सांगितलंय. गंमत बघा. पस्तिशीच्या आत वय असल्याचे २ गुण, गेल्या सात वर्षांत शिक्षणाशी संबंधित पाच वर्षांच्या अनुभवाचे ३, आणि जिथे माणसं कमी पडतात अशा व्यवसायांच्या यादीत इंजिनिअर येतात, त्याचा १. झाले सहा, काहीही न बसवता! त्याहून मोठी गंमत म्हणजे तुम्हाला गुणांची गरजच नसावी. ज्याची पदवी जर्मनीत पूर्ण मान्य धरली जाते, तो थेट ‘कुशल कामगार’ या रकान्यात जातो आणि गुणांचा हिशेब त्याला लागू होत नाही. पदवी मान्य आहे का, हे ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ हा शेरा हवा (पुणे विद्यापीठाला तो आहे) आणि तुमची पदवी तिथे समकक्ष म्हणून नोंदलेली हवी. दोन्ही पानांची प्रिंट काढायला झेरॉक्सवाला वीस रुपये घेईल. पदवीचं नाव सापडलं नाहीच, तर जर्मनीतल्या केंद्रीय कार्यालयाकडून मूल्यांकन मागवायचं. त्याचे २०८ युरो. व्हिसाची फी ७५ युरो. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर आपला आपण भरता येतो. आता साडेतीन लाख कशाचे, हे एजंटलाच विचारा.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. जे काम तुम्ही चाकणमध्ये पगार घेत, आईच्या हातचं खात करू शकता, तेच काम इकडे येऊन स्वतःच्या तेरा लाखांवर कशाला करायचं? नोकरीचा शोध व्हिडिओ कॉलवरच चालतो. माझ्या तिन्ही मुलाखती रात्री हिंजवडीतल्या फ्लॅटवरून झाल्या. नोटीस पिरियड तीन महिने आहे हे सांगायला लाजू नका, जर्मन कंपन्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडेही तसंच असतं.

हातात ऑफर लेटर आलं की मग ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांसाठीचा नोकरी आणि राहण्याचा परवाना. त्यासाठी मान्य पदवी, पदवीला साजेसं काम आणि ठरावीक पगार लागतो. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, पण तुमच्यासारख्या इंजिनिअरला कमतरतेच्या यादीमुळे ४५,९३४.२० युरो पुरतात. दरवर्षी हा आकडा बदलतो, तेव्हा जुने व्हिडिओ बघून बसू नका. एवढ्या पगारावर एकट्या माणसाच्या हातात कापून साधारण अडीच हजार युरो पडतात. त्यातून भाडं, विजेचं बिल आणि रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो. हे शेवटचे पैसे घरात टीव्ही नसला तरी भरावेच लागतात. मी पहिल्या वर्षी ते पत्र जाहिरात समजून फेकलं होतं.

लग्नाच्या दृष्टीनेही फरक मोठा आहे. चान्सेनकार्टेवर बायकोला सोबत नेता येत नाही असंच धरून चाला. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अटही नाही आणि आल्या दिवसापासून ती कुठलीही नोकरी करू शकते. मार्चमध्ये लग्न करून एप्रिलमध्ये वर्षभरासाठी एकटं जाणं मला तरी पटत नाही. घरच्यांनाही पटणार नाही, पण ते तुम्ही बघा.

मग चान्सेनकार्टे कुणासाठी? ज्याची जर्मन बी१-बी२ म्हणजे मध्यम पातळीपर्यंत झालीय, वर्षभर पुण्यातून प्रयत्न करूनही ‘जर्मनीत असतात तर घेतलं असतं’ अशी उत्तरं येतायत, आणि तेरा लाख गेले तरी घरावर कर्ज चढणार नाही, अशा माणसाला ते उपयोगी पडतं. माझ्या ओळखीचा एक जण तसा आला. आठ महिने गोदामात पार्टटाइम केलं. २०२६ च्या किमान वेतनाने, तासाला १३.९० युरो धरले, तर वीस तासांच्या कामाचे महिन्याला साधारण १,२०० युरो होतात, तेही कपातीआधी. त्याला शेवटी नोकरी मिळाली आणि इथेच कार्ड बदलून घेता आलं. पण त्या आठ महिन्यांत तो फोनवर आईशी ‘सगळं मस्त चाललंय’ एवढंच बोलायचा.

एक गोष्ट एजंट सांगणार नाही. गाड्यांच्या उद्योगात इथे सध्या मंदी आहे. बॉशनेच सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, आणि ती स्टुटगार्टचीच कंपनी. चाकणचा अनुभव म्हणजे गाड्यांचा अनुभव. त्यामुळे सीव्हीत ‘ऑटोमोटिव्ह’ हा शब्द दहादा लिहिण्यापेक्षा काम काय केलं ते लिहा: प्लास्टिकचे भाग, शीट मेटल, टॉलरन्स, सिम्युलेशन. रेल्वे, वैद्यकीय उपकरणं, इमारतींची हीटिंग-व्हेंटिलेशन यंत्रणा, ऊर्जा या ठिकाणी अर्ज करा. आणि यातल्या बहुतेक कंपन्या मध्यम आकाराच्या, लहान गावांतल्या असतात. तिथे मीटिंग जर्मनमध्ये चालते. आयटीवाला इंग्रजीवर निभावून नेतो, मेकॅनिकलवाला नाही.

म्हणून साडेतीन लाखांतले काही पैसे भाषेवर घाला. बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. नोकरी सांभाळून शून्यापासून बी१ ला वर्ष तरी लागेल. बी१ असेल तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायमचा राहण्याचा परवाना मिळतो, ए१ या अगदी प्राथमिक पातळीवर तेच २७ महिने.

मास्टर्स वाईट नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आपल्यासारख्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तेविशीत असतात तर मी हेच सुचवलं असतं. कॅनडाबद्दल थोडक्यात: मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री या त्यांच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीत जॉब ऑफरचे जादा गुण बंद झाले आणि पीआरचं, म्हणजे कायमच्या रहिवासाचं, वार्षिक लक्ष्यही त्यांनी खाली आणलं. दार बंद नाही, अरुंद झालंय.

तुम्ही गावच्या जमिनीचंही विचारलंय. अनिवासी झालात की पासपोर्ट भारतीय असला तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने सातबारावर नाव लागू शकतं. जर्मन नागरिकत्व आता पाच वर्षांनी मागता येतं आणि जर्मनीला दुसरा पासपोर्ट चालतो, पण भारताला चालत नाही. तो निर्णय पुढचा, आत्ता त्यावर झोप घालवू नका.

आत्ता एकच काम उरका, तेही लग्नाच्या गडबडीआधी. पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट, पदवी आणि कंपनीची पत्रं एका टेबलावर मांडा आणि नावांची स्पेलिंग जुळवा. माझ्या पदवीवर वडिलांचं नाव ‘पांडुरंग’ होतं, पासपोर्टवर ‘पांडुरंगराव’. त्या एका ‘राव’पायी माझे अडीच महिने गेले. लग्न झालं की लगेच विवाह नोंदणी करा, आणि बायकोने नाव बदलायचं की नाही ते नोंदणीआधी ठरवा, कारण तिच्या व्हिसाला तोच दाखला लागणार आहे.