हॉस्टेल, टूर आणि तुमचा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे चारच हजार फॉलोअर आहेत. फुकट मुक्कामाच्या बदल्यात रील बनवून देते असं लिहिलं, तर प्रवाशांच्या हॉस्टेलवाले मला उत्तर तरी देतील का?

देतील, पण फॉलोअरचा आकडा पुढे करू नका. बुकिंग साइट्स दर बुकिंगमागे साधारण 15 टक्के, कधी त्याहूनही जास्त कमिशन कापतात. म्हणून थेट आलेला पाहुणा हॉस्टेलला हवाच असतो. आधी त्यांचं पान नीट बघा. डॉर्मचे, म्हणजे अनेक बेड असलेल्या सामायिक खोलीचे, फोटो असतात; पण बेडजवळ प्लग आहे का, पडदा आहे का, लॉकरमध्ये मोठी सॅक मावते का, हे बहुतेक वेळा दिसतच नाही. एकटी फिरणारी मुलगी आधी हेच शोधते. ‘तुमच्याकडच्या या तीन गोष्टी मी दाखवेन’ असं चार ओळींत लिहा. आणि विचारणा ऑफ सीझनला करा. तेव्हा बेड तसेही रिकामे असतात. भर सीझनमध्ये तुम्हाला दिलेला बेड म्हणजे त्यांचं बुडालेलं भाडं.

प्रश्न : दोन रात्रींच्या बदल्यात एक रील, पाच स्टोरी, वीस फोटो आणि ‘सर्व हक्क’ मागताहेत. हो म्हणू का?

असंच हो म्हणू नका. मला खरी काळजी वाटते ती ‘सर्व हक्क’ या शब्दांची. तुमचं रील त्यांनी आपल्या पेजवर शेअर करणं वेगळं आणि तुमचा चेहरा असलेला व्हिडिओ पैसे मोजून जाहिरात म्हणून चालवणं वेगळं. जाहिरातीचे पैसे वेगळे मागा आणि मुदत ठरवा, तीन महिने किंवा सहा. वीस फोटो निवडून एडिट करायला अख्खा दिवस जातो, तोही हिशेबात धरा. काय देणार, कधी देणार, किती वेळा बदल करून देणार, सगळं मेलवर घ्या. फोनवरचं बोलणं महिनाभराने दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

प्रश्न : पैसे घेतले नाहीत, फक्त मुक्काम फुकट होता. तरी सांगायचं?

हो. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे नियम, दोन्हींत फुकट मुक्कामही मोबदलाच धरला जातो. रीलच्या सुरुवातीलाच सांगा. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका.

प्रश्न : टूरवाल्याने राफ्टिंग फुकट दिलं. माझ्या लाइफ जॅकेटचं बकल तुटलेलं होतं, गाइडने दोरीची गाठ मारून दिली. आता व्हिडिओचा शब्द कसा पाळू?

तो व्हिडिओ टाकू नका. गाठ सुटली तर प्रवाहात जॅकेट अंगावरून वर सरकतं आणि डोक्यातून निघून जातं. तुमचं रील बघून कोणी पोहता न येणाऱ्या आईला घेऊन तिथे जाईल. टूरवाल्याला बकलचा फोटो पाठवा, व्हिडिओ का थांबवलाय ते स्पष्ट लिहा आणि ट्रिपचे पैसे देऊ करा. त्याने जॅकेटं बदलली, तर पुन्हा जा, एकेक बकल स्वतः ओढून बघा आणि मगच शूट करा.